कसं झालं ते लिहा

परवा सकाळी दहाच्या सुमारास एका वाचनालयाच्या बाईंनी आमच्या गटात प्रश्न टाकला. सभासदांची यादी छापली की मराठी नावांतल्या वेलांट्या सुट्या होऊन भलतीकडेच पडतात, काय करावं? दुपारी एकपर्यंत कुणी काही बोललं नाही. गटात चारशेच्या वर माणसं आहेत. निदान तीसचाळीस जणांना उत्तर माहीत असणार. मलाही होतं. दुकानात बसून मी दर थोड्या वेळाने मोबाइल बघत होतो आणि काहीच लिहीत नव्हतो. एक वाजता माझं मलाच कळलं की मी सुमनअक्कांच्या उत्तराची वाट बघतोय.

अक्कांना जाऊन वर्ष झालं.

मग मीच उत्तर लिहिलं. बाईंनी 'धन्यवाद सर' लिहिलं आणि प्रश्न संपला. अक्का असत्या तर तो तिथे संपला नसता.

गट कसला ते आधी सांगायला हवं. 'फडताळ' नावाचं छोट्या वाचनालयांसाठीचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. पुस्तकांची नोंद, सभासद, देवघेव, सगळं त्यात होतं. ते कुठल्या कंपनीचं नाही. चारपाच जणांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. कुणीही घ्यावं, वापरावं, आत काय आहे ते बघावं, जमलं तर सुधारावं. वर्षाकाठी पुस्तकं घ्यायलाच ज्यांची ओढाताण होते, अशा खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना ते वरदान वाटलं. पण अशा गोष्टीला दुकानदार नसतो. अडलं तर विचारायचं कुणाला? त्यासाठी हा मोबाइलवरचा गट. त्यात ग्रंथपाल, शाळामास्तर, माझ्यासारखे एखाददोन दुरुस्तीवाले. अडलेल्याने विचारायचं, माहीत असेल त्याने सांगायचं, कुणी कुणाला काही द्यायचं नाही. गट सुरू कुणी केला ते मला माहीत नाही, पण चालवला सुमनअक्कांनी.

अक्का धुळ्याच्या. देवपुरात दोन खोल्यांचं घर. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या पिढीतल्या. निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या महिलांच्या वाचनालयात बिनपगारी बसू लागल्या, आणि तिथे कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता, तो त्यांनी उघडला. वयाच्या साठीला. बाकीच्या बायका म्हणाल्या, बिघडेल. अक्का म्हणाल्या, बंदच आहे, आणखी काय बिघडणार?

अंगाने किरकोळ. चष्मा दोरीला बांधलेला. फोन नेहमी डाव्या कानाला, कारण तीस वर्षं उजवा हात लिहायला मोकळा ठेवायची सवय. कीबोर्डवर दोन हातांची दोनच बोटं चालत, पण इतक्या वेगाने की बघणाऱ्याला वाटावं, बाई ज्वारी पाखडतेय. काम झालं की कीबोर्ड पंच्यात गुंडाळून ठेवत. आणि बोलणं? गटात लिहायच्या तेव्हा शुद्ध, कागदी मराठी. रागावल्या किंवा माया आली की लगेच अहिराणी. त्यामुळे अक्कांच्या 'आहे'चं 'शे' झालं की आम्हाला कळायचं, आता काहीतरी खरं बोलणार.

माझी त्यांची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. मी मूळचा असोद्याचा. जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गावच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर बंद पडला, मी गावचा म्हणून बोलावणं आलं. आतली बॅटरी बदलली, चालू करून दिला, चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांचा फोन, आवाज रडका. गावातल्या प्रत्येक सभासदाकडचं पुस्तक एकोणीस वर्षं थकलेलं दिसतंय. सरपंचांच्या नावावर एवढा दंड चढलाय की वाचनालयाला नवी इमारत होईल. कुणीतरी गटाचं सांगितलं, मी प्रश्न टाकला. वाटलं, चारआठ दिवसांनी कुणी बोललं तर बोलेल. चार मिनिटांत अक्कांचं उत्तर.

"म्हणजे काल सगळं ठीक होतं, आज सगळ्यांची पुस्तकं थकली. बरोबर?"

एक्सचेंजची सवय. आधी नंबर परत म्हणून दाखवायचा, मग जोडायचा.

मी लिहिलं, बरोबर.

"त्या आधी तुम्ही काय केलं होतं?"

मी लिहिलं, काहीच नाही. आपोआप झालं.

"भाऊ, तीस वर्षं हेच ऐकलं. मी काहीच केलं नाही, फोन आपोआप मेला. आणि माणूस पाठवला की वायर उंदराने नाही, यांच्याच सुनेने झाडताना ओढलेली. आपोआप काहीच व्हत नही. आठवा."

आठवलं. बॅटरी बदलल्यावर तारीख टाकताना साल चुकलं होतं. भलतंच पुढचं टाकलं होतं. दुरुस्त केलं, सरपंच दंडातून सुटले. मी गटात लिहिलं, 'झालं. आभारी आहे.'

लगेच अक्का: "आभार नकोत. कसं झालं ते लिहा."

मला राग आला. एवढ्या लोकांपुढे स्वतःची चूक काय लिहायची? पण लिहिलं. आठ दिवसांनी यावलच्या वाचनालयात नेमकं हेच घडलं आणि तिथल्या ग्रंथपालांनी माझंच उत्तर शोधून, मला न विचारता, स्वतःचं काम करून घेतलं. अक्कांनी खाली लिहिलं, "बघा, असोदावाल्यांनी चूक केली म्हणून यावल वाचलं." तेव्हापासून मी असोदावाला.

गटाची घटना म्हणाल तर ती एवढीच होती. कसं झालं ते लिहायचं, आणि आपल्याला एक उत्तर मिळालं की पुढच्या तिघांना आपण द्यायचं. अक्का गटाबाहेर कुणाला काही सांगत नसत. कुणी खासगीत विचारलं तर त्याचं नाव काढून प्रश्न गटात टाकत, 'एकांनी विचारलं आहे' म्हणून, आणि तिथेच उत्तर देत. विचारणारा शरमिंदा होई, पण उत्तर चारशे जणांना मिळे.

देणं मात्र लोकांना आवरत नसे. त्या यावलच्या ग्रंथपालांनी एकदा एसटीच्या पार्सलने केळीचा अख्खा घड धुळ्याला पाठवला. उन्हाळ्याचे दिवस, घड पोचेपर्यंत सगळी केळी एकदम पिकली. अक्कांनी गटात घडाचा फोटो टाकला: "भाऊ, तुम्ही माणूस चांगले, पण मी एकटी शे. आता कॉलनीत प्रत्येक घरात तीन दिवस शिकरण. परत पाठवलीत तर गटातून काढीन." धुळ्यातल्या एका व्यापारी घराण्याच्या ट्रस्टचं वाचनालय होतं. त्या शेठजींचं काम अक्कांनी करून दिलं. शेठजी स्वतः घरी आले, पाकीट घेऊन. म्हणाले, "अक्काजी, फुकट का काम हमारे घर में पचता नहीं."

अक्का म्हणाल्या, "तर मग तुमच्या मुनीमजींना गटात पाठवा. तीन जणांना उत्तर दिलं की फिटलं."

मुनीमजी आले. रडतखडत तीन उत्तरं दिली. आणि नंतर गेलेच नाहीत. आजही आहेत. सकाळी नऊला 'जय जिनेंद्र' लिहून उत्तरांना सुरुवात करतात.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. इतका वेळ मी घड आणि शेठजी सांगत बसलो, कारण ते सांगायला सोपं आहे.

गटात एकदा पैशावरून भांडण झालं. एका नव्या मुलाने सरळ जाहिरात टाकली. फडताळ बसवून मिळेल, अमुक दर. लोक तुटून पडले. इथे सगळे फुकट राबतात आणि तू बाजार मांडतोस, वगैरे. मीही एक खोचक वाक्य लिहिलं होतं, ते अजून गटात आहे. संध्याकाळी अक्कांनी लिहिलं: "त्या मुलाला बोलू नका. पोट बठ्ठासले शे, सगळ्यांनाच. दहा हजार पुस्तकांची नोंद करून द्यायची तर कुणी फुकट का करावी? पैसे घ्या. पण गटात सांगून घ्या, आणि काम झाल्यावर कसं केलं ते गटात लिहा. एवढं केलं की मला काही म्हणायचं नाही." आणि ज्यांना पैसे घेऊन कामं करायची आहेत त्यांनी नावं द्यावीत, यादी करू, असंही लिहिलं. त्या मुलाचं नाव पहिलं लागलं. आणखी तिघांनी दिली.

मी दिलं नाही.

दिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. तेव्हा मी मनाशी म्हणालो, आपण सेवा करतो, आपल्याला यादीत कशाला जायचं? खरं कारण निराळं होतं, ते मला कळायला फार दिवस लागले नाहीत. लोक गटात मला मानू लागले होते. अक्कांच्या खालोखाल असोदावाला. यादीत नाव गेलं की मी दुरुस्तीवाला झालो असतो. दुकानात तर मी तोच होतो.

थोड्याच दिवसांत शिंदखेड्याच्या ग्रंथपालांनी प्रश्न टाकला. जुन्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर येत नाहीत. मला उत्तर माहीत होतं. सहा ओळींचं होतं. लिहायला घेतलं, तीन ओळी लिहिल्या आणि थांबलो. दुकानात त्या आठवड्यात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. मी त्या ग्रंथपालांना फोन केला. म्हणालो, "सर, गटात समजावून सांगण्यासारखं नाही ते. किचकट आहे. मी येऊन करून देतो, माझं जे काय ते द्या." ते बिचारे खूशच झाले. मी गेलो, अर्ध्या तासात केलं, दोन तास बसलो. निघताना म्हणालो, "गटात फक्त 'झालं' एवढं लिहा. उगाच लोकांचा वेळ जायला नको."

घर चालत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चालत होतं. पैसे हवे होते, पण इतके नडले नव्हते. आणि पैसे घेतले याचं मला आज फारसं वाईटही वाटत नाही. गाडीभाडं खर्चून गेलो, काम केलं. त्या सहा ओळी गटातून काढून घेतल्या याचं वाटतं. पहिल्या वेळी ते नकळत झालं म्हणता येईल. दुसऱ्या वेळेपासून मी प्रश्नांची वाटच बघू लागलो. सोपे असतील त्यांची उत्तरं गटात द्यायचो, पटापट, नाव राहावं म्हणून. जरा अवघड आला की फोन. आणि प्रत्येकाला तेच सांगणं, फक्त 'झालं' लिहा.

गटात मग ती नुसती 'झालं' दिसू लागली. 'झालं.' 'सुटलं, आभार.' 'प्रश्न मिटला.' प्रत्येकाखाली अक्का विचारायच्या, "कसं झालं ते लिहा ना. पुढच्याला लागेल." कुणी लिहीत नसे. काय लिहिणार? त्यांना मीच गप्प केलेलं. अक्का दोनतीन दिवसांनी पुन्हा विचारायच्या. मग सोडून द्यायच्या. मी ते सगळं वाचत होतो.

पुढच्यांना ते लागायचंच. तोच प्रश्न तिसऱ्या गावाहून यायचा. अक्का स्वतः बसून शोधायच्या, आणि त्या शोधेपर्यंत मी तिथे फोन केलेला असायचा. त्या उत्तर लिहायला येत तोवर खाली 'झालं' असायचं. कधी कधी त्यांनी लिहिलेलं उत्तर अर्धवट असे, चुकीचंही असे, आणि त्याच्या खालोखाल ते निर्विकार 'झालं.' अक्कांना काय वाटत असेल याचा मी विचार केला नव्हता. केला असता तर काय केलं असतं हेही सांगता येत नाही.

एक दिवस त्यांचा फोन आला. अक्का फोन फारसा करत नसत.

"हेमंत, फडताळचं नवं काही निघालं का रे?"

"नाही, अक्का. का?"

"लोकांचं आपोआप सुटायला लागलंय. मी दोन दोन दिवस बसते, आणि त्यांचं तासाभरात होतं. विचारलं तर सांगत नाहीत. मला वाटलं, असं काही निघालं असेल जे बठ्ठासले माहीत शे नी माले नही."

बोलायची जागा तीच होती. दुकानात मी एकटा होतो, समोर उघडलेला प्रिंटर होता, हाताला शाई लागलेली. मी म्हणालो, "लोक हुशार झालेत, अक्का. आता त्यांना विचारायची गरज पडत नाही."

त्या हसल्या. "चांगलं शे मंग," म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर केलं."

त्यानंतर त्यांची उत्तरं कमी झाली. एखादा प्रश्न आला की त्या लिहायच्या, "मला वाटतं असं करावं, पण आधी जाणकारांना विचारा." अक्कांनी 'मला वाटतं' लिहिलेलं त्याआधी कुणी वाचलं नव्हतं. मग एके दिवशी गटात निरोप आला, वय झालं, डोळे थकतात, नव्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत, गट आता हेमंतने सांभाळावा. खाली दोनअडीचशे नमस्कार. मीही एक टाकला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. सगळे प्रश्न आधी माझ्याकडेच येणार होते. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की मी कुणालाच फोन करत नाहीये. हौसच गेली. सगळी उत्तरं गटात लिहू लागलो, कसं केलं त्याच्यासकट. पण बघायला अक्का नव्हत्या, आणि आपण कुणाला दाखवण्यासाठी नीट वागत होतो तेही मला तेव्हाच समजलं.

चारपाच महिन्यांनी त्यांचा फोन आला. "रविवारी ये धुळ्याला. एक काम शे. जेवायलाच ये."

गेलो. त्यांनी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली होती, वर बिबडे भाजलेले. जेवताना नेहमीसारखी माझ्या बोलीची थट्टा. मी काहीतरी म्हणालो त्यात 'हाये' आलं. "तुमनं हाये नी आमनं शे," त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरले दोन्ही समजत नही, म्हणून आपलं जमस." मी हसलो. चेहरा उतरला होता त्यांचा, पण ताट वाढायचा वेग तोच होता.

जेवण झाल्यावर त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर वर गावाचं नाव. खाली पूर्ण प्रश्न, सुवाच्य अक्षरात. त्याच्याखाली 'झालं.' मग 'कसं?' आणि पुढचं अर्धं पान कोरं. अशी चौदा पानं.

"गट तुझ्यावर सोडला पण ही डोक्यातून जात नाहीत," अक्का म्हणाल्या. "यांनी कसं सोडवलं ते मला मरायच्या आधी कळायला पाहिजे. मला नाही जमलं. तुला जमेल. बस."

पहिलं पान शिंदखेड्याचं होतं.

चौदातली बारा माझी होती. मी वही चाळली. त्या स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेल्या तेव्हा दार उघडं होतं, चपला बाहेरच होत्या, उठून जाता आलं असतं. त्या चहा घेऊन आल्या, पंचा सोडून कीबोर्ड मांडला, शेजारी खुर्ची ओढून बसल्या, पेन उघडलं.

मी सोडवायचं नाटक केलं. हे लिहिणं मला सगळ्यांत जड जातंय. पहिल्या पानाला मुद्दाम वीस मिनिटं लावली. चुकीच्या जागी जाऊन आलो. 'हे नसेल' म्हणालो, डोकं खाजवलं. मग 'अरे, हे बघा, अक्का' म्हणून ती सहा ओळींची गोष्ट करून दाखवली. अक्का पुढे झुकल्या. चष्मा सावरला. "परत कर." परत केलं. "म्हणजे आधी जुन्याची नक्कल, मग इथे जाऊन अक्षरांचा प्रकार बदलायचा, मग आत घ्यायचं. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी कोरं अर्धं पान भरलं. सावकाश, एकही खाडाखोड न करता. मग पान उलटलं.

दहा पानं झाली, बारा झाली. माझं नाटक हळूहळू सुटत गेलं, उत्तरं भराभर येऊ लागली. त्यांना संशय येईल असं वाटलं. यावा असंही वाटलं. आला नाही. त्यांना वाटलं, मुलगा तयार झाला. एकदा तर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "वा रे असोदावाला!"

राहिलेली दोन पानं माझी नव्हती. ती माणसं खरोखरच आपापली सुटली असावीत. ती दोन आम्ही दोघांनी सोडवायला घेतली, आणि आधीच्या तीन तासांत काय झालं ते मी तेवढ्यापुरता विसरलो. मी म्हणायचो, इथे बघू. त्या म्हणायच्या, इथे काय शे, तिथे बघ. मी चुकलो की "बोट काढ" म्हणून माझा हात बाजूला सारायच्या आणि स्वतः टकटक करायच्या. तेरावं सुटलं, त्यांच्याकडून सुटलं. चौदावं सुटलंच नाही. चार वाजून गेले होते. दोघंही खुर्चीत मागे टेकलो आणि हसलो. त्या तासाभराइतकं सुख मला कामात पुन्हा मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही, कारण त्याला शेजारी ती बाई लागते.

वही मिटताना अक्का म्हणाल्या, "म्हणजे मी काही येडी व्हयनू नही रे. माले कोणी सांगं नही, इतलंच."

माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. पंच्याची गाठ मारत म्हणाल्या.

मी नको म्हणत असताना त्या स्टँडपर्यंत आल्या. मी ठरवलं होतं, सांगायचं. पण बस हलताना सांगायचं, म्हणजे उत्तर ऐकावं लागणार नाही. त्यातही मी सोय बघितली. खिडकीशी बसलो. त्या खाली उभ्या होत्या, चष्मा छातीवर लोंबत, हातात रिकामी पिशवी. परत जाताना भाजी घ्यायची होती त्यांना. कंडक्टरने घंटी मारली.

"अक्का," मी म्हणालो.

"काय रे?"

त्या खिडकीच्या अगदी जवळ आल्या. मान वर केली. गाडी अजून जागेवरच होती. पुरेसा वेळ होता.

"काही नाही. रिक्षाने जा, चालत जाऊ नका."

"हो रे बाबा," म्हणाल्या, आणि दोनदा पत्र्यावर हात मारला, गाडी त्याच सोडत असल्यासारखा. गाडी वळली तेव्हा त्या पाठमोऱ्या भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. प्रत्यक्षात मी अक्कांना पाहिलं ते एवढंच शेवटचं. पुढे अडीच महिन्यांनी त्यांच्या पुतणीने गटात कळवलं.

पण त्या संध्याकाळचा प्रवास राहिला आहे. फागणं मागे पडलं आणि खिशात मोबाइल वाजला. गटात अक्का आल्या होत्या, कित्येक महिन्यांनी. शिंदखेड्याचा प्रश्न, खाली पूर्ण उत्तर, आणि शेवटी: "हे हेमंतने शोधून काढलं." मुकटीच्या आसपास दुसरं. "हेही हेमंतने." त्या वहीतून एकेक पान उतरवून काढत होत्या, दोन बोटांनी. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा सहा उत्तरं झाली होती. लोक नमस्कार टाकत होते, वाहवा करत होते. मुनीमजींनी लिहिलं, 'हेमंतभाई, कमाल.' ज्या बारा गावांत मी जाऊन आलो होतो, तिथले बाराजण गटातच होते. कुणी काही लिहिलं नाही. शिंदखेड्याच्या ग्रंथपालांनी तेवढा एक अंगठा टाकला. मग त्यांचा फोन आला, तो मी घेतला.

"हेमंतभाऊ," ते हसत होते, चांगले होते ते, "आमच्याकडे दोन तास किचकट म्हणून बसलात, आणि अक्कांनी सहा ओळींत मांडलं की हो!"

"सर, अक्कांना काही बोलू नका."

हसणं थांबलं. "नाही बोलत," म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांनी शब्द पाळला. बाराही जणांनी पाळला. बाकीच्या अकरांना मी सांगितलंही नव्हतं, तरी. हे छापून आलं की गटात टाकणार आहे. त्यांना एवढ्या उशिरा का होईना, बोलायला मोकळीक होईल.

एरंडोल गेलं. बारावं आलं. मग तेरावं: "हे आम्ही दोघांनी मिळून." तिथे हेमंतने शोधलं असं त्यांनी लिहिलं नव्हतं, खरं ते लिहिलं होतं, आणि सगळ्या तेरांमध्ये तेवढ्या एकावर मी हक्काने मान वर करू शकत होतो. मी ते चारपाचदा वाचलं. बाहेर अंधारून येत होतं, गाडीत दिवे लागले होते. मी लिहायला घेतलं. 'अक्का, ही बारा मी शोधलेली नाहीत. ती मला आधीपासून माहीत होती, कारण' इथपर्यंत लिहिलं. पाळधी आलं. माणसं उतरली, चढली. शेजारच्याने पिशवी माझ्या पायावर ठेवली, मी पाय आवरले.

तेवढ्यात चारशे माणसांच्या समोर त्यांनी विचारलं, "हेमंत, पोचलास का रे?"

मी लिहिलेलं सगळं पुसलं.

"पोचतोच आहे, अक्का," मी लिहिलं.